मुंबईस जाण्याचे मार्ग

आये वाचनालयात आली ती मे महिन्यातल्या एका मंगळवारी, दुपारी चारच्या सुमाराला. त्याआधी ती तिथे कधीच आली नव्हती. चपला बाहेर काढून, देवळात शिरावं तसा पदर सारखा करत ती आत आली. वर्तमानपत्रं वाचत बसलेल्या तीन-चार माणसांकडे न बघता थेट माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात पाकीट होतं.

"हरूचा पत्र इला," ती म्हणाली. "वाच."

"आये, घरी आल्यावर वाचलं असतं."

"घराक तू सातांक येतलंस. आताच वाच."

मी पाकीट फोडलं. हरेश्वर, माझा धाकटा भाऊ, जहाजावर इंजिनखान्यात कामाला होता. आमचे वडीलही जहाजावरच होते. ते गेल्यावर त्यांच्या ओळखीने दोघांपैकी एकाला काम मिळणार होतं. माझ्या डोळ्यांना लहानपणापासून जाड भिंगं, म्हणून हरू गेला आणि मी वाचनालयात राहिलो.

मी हलक्या आवाजात वाचू लागलो. "जहाज मुंबईच्या गोदीत लागले आहे. शुक्रवारी सकाळी दहाला सुटणार. या वेळची सफर लांबची. दोन वर्षे तरी परत येणे नाही. गावी यायला सुट्टी देत नाहीत. दादा, आयेला घेऊन ये. कशाने यायचे ते तू ठरव, तुला सगळ्या गाड्या पाठ आहेत. मी गुरुवारी सकाळपासून मोकळा आहे. वाट बघतो."

आयेने पाकीट माझ्या हातातून घेतलं, घडी करून कमरेला खोचलं आणि म्हणाली, "मगे? कसा जावया?"

हा प्रश्न आमच्या माडबंदर गावात मला सगळेच विचारत. वाचनालयाच्या दाराशी मी स्वतः रंगवलेला एक काळा फळा होता. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मुंबईस जाण्याचे मार्ग'. पहिला मार्ग बोटीचा. दुपारी चारला बोट आमच्या बंदराबाहेर उभी राही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लागे. दुसरा मार्ग एसटीचा. सकाळी सातची गाडी घाट चढून कोल्हापूरला जाई, तिथून संध्याकाळची आगगाडी, पुण्याला गाडी बदलायची, मग दुसऱ्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराला बोरीबंदर. वेळा बदलल्या की मी फळा पुसून पुन्हा रंगवायचो. कुणाची मुलगी बाळंतपणाला यायची असो, कुणाला गिरणीत हजर व्हायचं असो, माणसं आधी माझ्याकडे येत. पुण्याला कितव्या फलाटावर उतरायचं आणि जिना कुठल्या हाताला, हेसुद्धा मी सांगत असे. मला 'मास्तर' म्हणत. मी कधी कुणाला शिकवलेलं नव्हतं.

"बोटीने जाऊ," मी म्हटलं. "उद्या चारला बसलो की गुरुवारी दहाला धक्क्यावर. एसटीपेक्षा दोन तास आधी. शिवाय तुला एसटी लागते."

कोपऱ्यात सचित्र मासिक चाळत बसलेला बाबल तारी मान वर न करता म्हणाला, "मास्तर, उद्या बोट हयसर थांबाची नाय."

बाबल हा पडावाचा तांडेल. आमच्या बंदराला बोटीसाठी धक्का नव्हता. बोट बाहेर समुद्रात नांगर टाकी, आणि बाबल आपल्या पडावातून माणसं तिच्यापर्यंत नेई. मे महिना उतरू लागला आणि समुद्र उठला की कप्तान आमच्या बंदरावरून दोन लांब भोंगे वाजवत सरळ पुढे जाई. दोन भोंगे म्हणजे बंदर घेत नाही.

"परवा तर थांबली होती," मी म्हटलं.

"परवा वारो वेगळो होतो. आज दुपारपासून दक्षिणेचो धरल्यान हा. उद्या लाटो बघशात. आयेक एसटीन घेऊन जा."

"वेळापत्रकात पंचवीस मेपर्यंत बोट आहे, बाबल. आज एकोणीस."

"तुमच्या पुस्तकात वारो छापतत काय?"

वर्तमानपत्रामागे कुणीतरी हसलं. माझे कान तापले. आये एकदा माझ्याकडे, एकदा बाबलकडे बघत होती.

"बाबल समुद्रातलो माणूस," ती म्हणाली. "एसटीन जावया, विश्राम."

"तुला चार वळणांत उलट्या होतात."

"ओकत जायन, पण जायन."

त्या रात्री तिने सोड्यांची पुडी बांधली, आमसुलं बांधली, एक नारळ सोलून शेंडी ठेवली. हरूला लहानपणी आवडायचे म्हणून तांदळाचे लाडू केले. चुलीसमोर बसून ती लाडू वळत होती आणि मला विचारत होती, पुण्याला गाडी बदलायची म्हणजे पळावं लागतं का, गोदीच्या दरवाजाशी बायकांना सोडतात का. मी सगळ्याची उत्तरं दिली. तार करायची राहिली होती. कशाने येतोय ते नक्की झालं की करू, म्हटलं.

बुधवारी सकाळी साडेसहाला मी जागा धरायला स्टँडवर गेलो. सव्वासातला परत आलो. आये नवं लुगडं नेसून, गाठोडं मांडीवर घेऊन ओटीवर बसली होती.

"गाडी भरलेली होती," मी म्हटलं. "उभं राहायलाही जागा नाही."

"माका उभ्यान चलला असता."

"घाटात? आठ तास? आये, तू बोलतेस काय?"

तिने गाठोड्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "बोट थांबात?"

"थांबेल. बाबल उगाच घाबरवतो."

तीन वाजता आम्ही किनाऱ्यावर गेलो. बाबलचा पडाव वाळूवर ओढलेला होता आणि तो त्याच्या पुढच्या टोकाला, नाळीला, टेकून विडी ओढत होता. काजूच्या सात-आठ गोण्या होत्या. माणसं नव्हती.

"बाकीचे खंय?" आयेने विचारलं.

"बाकीचे सकाळीच एसटीन गेले," बाबल म्हणाला. "शिरोडकरीण गेली, तिचो झील गेलो. तुम्ही कित्या नाय गेलात?"

"गाडी भरली होती," मी म्हटलं.

बाबलने माझ्याकडे बघितलं. विडी वाळूत विझवली.

लाटा मोठ्या होत्या. मोठ्या म्हणजे किती, हे मला सांगता यायचं नाही, मी समुद्राकडे नीट कधी बघितलेलंच नव्हतं. एवढं आठवतं, की लाट फुटली की तिचं पाणी पडावापर्यंत चढत होतं आणि दर वेळी आये पाय आखडून घेत होती. चारला दहा मिनिटं कमी असताना दक्षिणेच्या टेकाडामागून बोटीचा धूर दिसला. आये उठून उभी राहिली. गाठोडं तिने डोक्यावर घेतलं. बोट पुढे आली, समोर आली, आम्हाला तिचे कठडे दिसले, कठड्याला टेकलेली माणसं दिसली. आये बाबलला म्हणाली, "लोट रे पडाव. थांबताली ती."

बाबल जागचा हलला नाही. "ऐक," तो म्हणाला.

दोन भोंगे झाले. लांब, एकामागून एक. बोट उत्तरेकडे निघून गेली.

आयेने गाठोडं डोक्यावरून खाली घेतलं नाही. बोट दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच उभी होती. मग घराच्या दिशेने चालू लागली. मी गाठोडं मागितलं. दिलं नाही.

घरी आल्यावर म्हणाली, "उद्याची सातची एसटी."

मी कंदील जवळ ओढला, वेळापत्रक उघडलं आणि कागदावर मांडून दाखवलं. उद्या सातला निघालो तर शुक्रवारी साडेबाराला मुंबई. जहाज शुक्रवारी दहाला सुटणार. अडीच तास उशीर. मी आकड्यांखाली रेघ ओढली.

"जाऊन बघूया," आये म्हणाली.

"आये, हे बघ. साडेबारा. आणि हे दहा."

"जहाज म्हणजे काय एसटी, घंटा मारली आणि सुटला? तुझो बापूस चार चार दिस गोदयेत पडान ऱ्हवायचो. कधी कोळसो नाय, कधी मुकादम नाय."

"हरूने दहा म्हणून लिहिलंय."

"तेका सायबान सांगल्यान ता तेणा लिवल्यान."

"पत्रात लिहिलेलं खोटं, आणि तू म्हणतेस ते खरं?" माझा आवाज चढला. माझा आवाज सहसा चढत नसे. "दीड दिवस ओकत जायचं, रिकामी गोदी बघायची आणि परत यायचं?"

आये कागदाकडे बघत होती. तिला आकडेही वाचता येत नव्हते. पण रेघ दिसत होती.

"तू शिकलेलो," ती शेवटी म्हणाली. "तू म्हणशीत तसा."

लाडू तिने दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलांना वाटले.

ऑगस्टमध्ये हरूचं पत्र आलं, कुठल्यातरी परक्या बंदरातून. दोन पानं होती. आयेने मला ओटीवर बसवलं, आणि समोर बसली.

मी आधी मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं. "तीर्थरूप आयेस साष्टांग नमस्कार. माझी तब्येत बरी आहे. इथे थंडी फार. जेवण बरे मिळते. तुम्हाला यायला जमले नाही, वाईट वाटले. पण हरकत नाही, दोन वर्षे काय बघता बघता जातील. तब्येतीला जप. दादास नमस्कार."

"इतक्याच लिवल्यान?"

"हो."

"दोन पाना आसत."

"अक्षर मोठं आहे त्याचं."

तिने हात पुढे केला. मी पत्र दिलं. तिने ते देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवलं, जिथे वडिलांची कागदपत्रं होती.

दुसऱ्या पानावर जे होतं ते मला आजही शब्दन्शब्द पाठ आहे. हरूने लिहिलं होतं: 'तुमची तार आली नाही, त्यामुळे बोटीने येता की गाडीने ते कळेना. गुरुवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर गेलो. बोट आली, तुम्ही नव्हता. तिथून धावत बोरीबंदरला गेलो. दुपारची गाडी बघितली, रात्रीची बघितली. शुक्रवारी जहाज सुटले नाही, इंजिनात बिघाड निघाला. साहेबाचे पाय धरून चार तास सुट्टी घेतली, पुन्हा आधी धक्का आणि मग बोरीबंदर केले. दुपारच्या गाडीतला शेवटचा माणूस उतरेपर्यंत फलाटावर होतो. आयेसाठी चादर घेतली होती, ती बरोबर नेत आहे. जहाज शनिवारी संध्याकाळी सुटले.'

आम्ही गुरुवारच्या सातच्या गाडीने निघालो असतो, तर त्याच दुपारच्या गाडीतून उतरलो असतो.

हरू परत आला नाही. दोन वर्षं व्हायच्या आधीच एका परक्या शहरातल्या इस्पितळात तापाने गेला. तिथेच पुरला. कंपनीचं पत्र आलं, त्या बंदराचं नाव मी वाचनालयातल्या नकाशांच्या पुस्तकात शोधलं आणि पुस्तक घरी आणून आयेला बोटाने दाखवलं. तिने त्या ठिपक्यावर आपलं बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"हयसून थंय जाऊक काय आसा?" तिने विचारलं.

माझ्या फळ्यावर ते नव्हतं.

त्यानंतर दर वर्षी मे महिन्यात, एखाद्या संध्याकाळी, मी वाचनालयातून आलो की आये विचारायची, "मुंबयक कसा कसा जाऊक येता रे, विश्राम?" पहिल्यांदा मला वाटलं, तिच्या मनात जायचं आहे. मी म्हटलं, नेतो. ती म्हणाली, "नको. नुसता सांग." मग मी सांगायचो. बोट चारला, धक्का दहाला. एसटी सातला, कोल्हापूर, पुणे, बोरीबंदर. ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आणि "बरा" म्हणून आत जायची. म्हातारपणी माणूस त्याच त्या गोष्टी विचारतं, असं मी स्वतःला समजावलं. पुढे बोटी बंद झाल्या. रस्ते झाले, खाड्यांवर पूल झाले, मुंबईला थेट गाडी सुरू झाली. मी तेही सांगायचो. अशी एकोणीस वर्षं गेली.

ती गेली त्याच्या बाराव्या दिवशी शामराव चौगुले आले. हे कोल्हापूरकडचे. माडबंदरला मुक्कामाच्या गाडीवर पुष्कळ वर्षं कंडक्टर होते. रात्री गाडी इथे मुक्कामाला असे आणि सकाळी सातला परत निघे. नोकरीतून निवृत्त होऊनही ते मुद्दाम आले होते.

"म्हातारीच्या हातची सोलकढी लई प्यालोय, मास्तर," ते ओटीवर बसत म्हणाले. "पहिल्यांदा बोलावलं ते बघा, तुमच्या भावाचं पत्र वाचायला. चौसष्ट सालचा श्रावण असंल."

मी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवत होतो. तो तसाच हातात राहिला.

"तुम्ही वाचलंत?"

"आख्खं. दोन्ही पानं. दुसरं पान तिनं दोनदा वाचाय लावलं. रडली न्हाई. नुसतं इचारलं, त्या बुधवारी गाडी भरली व्हती काय वो? मी आपलं खरं तेच बोललो. म्हटलं, न्हाई की, निम्मी रिकामी गेली. मास्तर आलं व्हतं, पुढची शीट दिली व्हती म्या, पर उतरलं आन् गेलं." ते थांबले. "माझं काय चुकलं का, मास्तर?"

"नाही," मी म्हटलं. "तुमचं काय चुकणार."

त्या सकाळी स्टँडवर गाडी उभी होती. शिरोडकरीण खिडकीशी बसली होती, तिच्या मागे आणखी आठ-दहा माणसं. चौगुले दारात तिकिटांची पेटी अडकवत होते. मला बघून म्हणाले, "या मास्तर. आईला पुढची शीट देतो, धक्के कमी." मी वर चढलो. त्या जागेवर हात ठेवून उभा राहिलो. आणि मग, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, मी त्यांना विचारलं, "पुण्याला गाडी बदलायची, तर ती नेमकी कुठून सुटते?"

कारण मी पुणं पाहिलेलं नव्हतं. कोल्हापूर पाहिलेलं नव्हतं. मुंबई तर नाहीच. तालुक्याच्या गावापलीकडे मी उभ्या जन्मात गेलो नव्हतो. फलाट आणि जिने मी गावात आलेल्या माणसांना खोदून खोदून विचारून घेतले होते आणि तेच पुढच्याला सांगत होतो. मी गेलोय असं मी कधीच म्हटलं नव्हतं. गेलो नाही, असंही म्हटलं नव्हतं. हे फक्त आयेला माहीत होतं. बोटीत बाबल हात देऊन चढवणार होता आणि धक्क्यावर हरू उतरवून घेणार होता. मधे कुणाला काही विचारायचं नव्हतं.

चौगुले मोठ्याने हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं. "ऐका वो!" ते आतल्या माणसांना म्हणाले. "मास्तर मला इचारत्यात, पुण्याला गाडी कुठनं! आवो, आख्खं गाव तुमाला इचारून मुंबईला जातंय!"

गाडीतली सगळी माणसं हसली. शिरोडकरीणसुद्धा. मीही हसलो. "गंमत केली," म्हटलं. मग खाली उतरलो, तिकीटघराच्या मागे जाऊन उभा राहिलो. घंटा वाजली, गाडी गेली. धूळ खाली बसली, तेव्हा घरी आलो.

चौगुले जेवून गेले. जाताना म्हणाले, "दर साली मे महिन्यात इचारायची मला. मास्तर अजून मुंबईला गेले न्हाईत ना, म्हणून. मी म्हनायचो, माझ्या गाडीनं तरी न्हाई."

मी अजून गेलेलो नाही. आता तर घरापासून तासाभरावर रेल्वे आहे आणि मुंबईला कसं जायचं हे कुणी मला विचारत नाही.

आये जाण्याच्या पंधरा दिवस आधीची संध्याकाळ होती. ती अंथरुणावर होती. मे महिना नव्हता, तरी तिने विचारलं, "मुंबयक कसा कसा जाऊक येता रे, विश्राम?"

मी उशाशी बसलो होतो. दिवसभराचा थकवा होता, थोडा कंटाळाही. मी भराभर सांगून टाकलं. पूर्वी बोट होती चारला, ती आता बंद. आता थेट गाडी संध्याकाळी पाचला. दुसरी रात्री आठला.

ती डोळे मिटून ऐकत होती. 'बरा' म्हणाली नाही. मला वाटलं झोप लागली. मी उठायला लागलो, तेव्हा डोळे न उघडता म्हणाली, "सातची एसटी ऱ्हवली."